वाचकांचे प्रश्न : स्वरयंत्र काढायचं ठरलं, घरच्यांनी काय शिकून घ्यायचं?

स्वरयंत्राच्या कॅन्सरबद्दल आलेली बहुतेक पत्रं रुग्णांची नाहीत, त्यांच्या नवऱ्यांची किंवा बायकांची आहेत. आजार एकदा बरा होऊन उलटलेला, मोठी शस्त्रक्रिया ठरलेली किंवा नुकतीच झालेली, आणि घरी आल्यावर काय करायचं हे घाईघाईत कानावर पडलेलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. तुमच्या रुग्णालयाने दिलेली सूचना आमच्या उत्तराहून वेगळी असेल तर तीच पाळा. मानेत आत कुठे काय शिवलंय ते सर्जनलाच माहीत असतं.

प्रश्न : माझ्या पतींना स्वरयंत्राचा कॅन्सर झाला तेव्हा सात आठवडे शेक (रेडिएशन) दिले. आवाज वाचला, आम्ही निश्चिंत झालो. चौदा महिन्यांनी पुन्हा आवाज बसला आणि बायोप्सीत तोच आजार निघाला. आता पूर्ण स्वरयंत्र काढायचं म्हणतात. पुन्हा शेक का देत नाहीत? तेव्हाच ऑपरेशन न करण्यात आमची चूक झाली का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो रात्री झोपू देत नाही. चूक झालेली नाही. गाठ लहान किंवा मध्यम असताना आधी शेक देऊन आवाज वाचवायचा प्रयत्न करणं हा मान्य मार्ग आहे. शेकाने भागलं नाही तर शस्त्रक्रियेचा मार्ग पुढे मोकळा राहतो, हे धरूनच तो निवडतात. आजार उलटला तर तो बहुतेकांचा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. तुमचे चौदा महिने त्यातलेच.

आता शेकाबद्दल. पूर्ण उपचारात साधारण ७० ग्रे (ग्रे हे शेकाचं माप) एवढा डोस ३५ बैठकांत, सात आठवड्यांवर विभागून दिला जातो. मानेतली कातडी, कूर्चा, रक्तवाहिन्या यांची सहन करायची मर्यादा त्यात जवळपास संपते. त्याच जागी पुन्हा तेवढाच डोस दिला तर कूर्चा मरू शकते, मोठी रक्तवाहिनी फुटू शकते. शिवाय पहिल्या शेकातून जगलेल्या पेशी दुसऱ्या शेकाला सहसा दबत नाहीत. म्हणून जिथे शस्त्रक्रिया शक्य आहे तिथे तीच पहिली निवड.

सर्जनना भेटाल तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं तिथेच टिपून घ्या. अर्धं स्वरयंत्र ठेवता येईल का? क्वचित येतं, विचारायला हरकत नाही. मानेतल्या लसिका गाठी एका बाजूच्या काढणार की दोन्ही? थायरॉइडचा किती भाग जाणार? घसा शिवताना छातीचा स्नायू वर आणून लावणार का? शेक घेतलेल्या मानेत रक्तपुरवठा मंद असतो, टाके उशिरा भरतात. म्हणून शेक न लागलेला स्नायू आणून शिवणीवर पांघरूण घालतात. तो लावणार असतील तर छातीवरही जखम असेल, हे आधीच कळलेलं बरं. आणि बोलण्याची झडप (ती कशी चालते ते पुढे आहे) बसवायचं छिद्र याच शस्त्रक्रियेत पाडणार की काही महिन्यांनी?

तारखेआधी चार कामं उरकून घ्या. दातांची तपासणी, कारण शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडायचा धोका असतो. थायरॉइडची टीएसएच चाचणी, कारण ती पातळी बिघडलेली असेल तर जखम भरत नाही. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर पूर्ण बंद. आणि स्पीच थेरपिस्टची भेट, ऑपरेशनच्या आधी, नंतर नव्हे. आवाज शाबूत असेल तेवढ्यात तो रेकॉर्डही करून ठेवा. रोजची वाक्यं, घरातल्यांची नावं, मुलांना मारलेली हाक. सगळ्यांना हे नको असतं. त्यांना विचारा, आग्रह धरू नका.

मात्र थांबून बघू, आणखी काही करून बघू, यात आठवडे घालवू नका. श्वास घेताना घुरघुर किंवा शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी मला काय दिसेल? ते मला हाक कशी मारतील?

उत्तर : चेहरा सुजलेला असेल. मानेच्या खालच्या भागात, दोन हाडांमधल्या खळगीत, नाण्याएवढं छिद्र असेल. त्याला सगळे स्टोमा म्हणतात. श्वासनलिका वळवून तिथे कातडीला शिवलेली असते, आणि इथून पुढे श्वास तिथूनच. नाक-तोंडाचा फुप्फुसाशी संबंध कायमचा तुटलेला असतो. मानेतून बारीक नळ्या बाटल्यांमध्ये जातील. २४ तासांत जमणारा स्राव २५-३० मिलीच्या खाली आला की त्या काढतात. नाकातून पोटात जाणारी एक नळी असेल. पहिले काही दिवस रक्ताळलेला कफ आणि सारखा खोकला असतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण हे सगळं अपेक्षित आहे.

हाक मारायची गोष्ट मात्र आधी ठरवून ठेवावी लागते. ऑपरेशनला नेण्यापूर्वीच सांगा की सलाइनची सुई लिहित्या हाताला नको. ही एवढीशी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते आणि मग माणूस तीन दिवस डाव्या हाताने कागदावर रेघोट्या ओढत बसतो. चष्मा लागत असेल तर तो शुद्धीवर येताच डोळ्यांवर चढवा. पुसता येणारी पाटी, जाड पेन, आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत दहा-बारा गोष्टी : दुखतंय, कफ काढा, श्वास कोंडतोय, थंडी, लघवी, कूस बदला, दिवा बंद करा. बोट ठेवलं की झालं.

वॉर्डात बेडपाशी बटण असतं, ते दाबल्यावर नर्स तिकडून स्पीकरवर विचारते, ‘काय हवंय?’ उत्तर येत नाही, मग ती बटण चुकून लागलं असं समजते. म्हणून प्रत्येक पाळीच्या नर्सला सांगा, की या पेशंटला आवाज नाही, बटण वाजलं की यावंच लागेल. पलंगाच्या डोक्याशी तशी चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठीवर दुसरी ओळही हवी : ‘श्वास फक्त मानेतून. ऑक्सिजन मानेवर द्या.’ गळ्यात नळी दिसली की अनेकांना ती साधी ट्रॅकिओस्टॉमी (श्वासनलिकेला पाडलेलं छिद्र, ज्यात नाकाची वाट तशीच जोडलेली राहते) वाटते आणि ते नाकावर मास्क लावतात. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला त्याचा शून्य उपयोग. मानेवर लहान मुलांचा मास्क नीट बसतो.

ते लिहीत असताना वाक्य तुम्ही पुरं करू नका. अंदाज बरोबर असला तरी नको.

प्रश्न : नाकातल्या नळीतून किती आणि कसं द्यायचं? नळी निघाली तर मी परत घालू शकते का? तापात असताना सासऱ्यांना घातली होती.

उत्तर : नाही. कधीही नाही. घशाची ताजी शिवण त्या नळीच्या वाटेवर आहे. आंधळेपणाने ढकललेली नळी टाके फाडून मानेत घुसू शकते. निघाली तर काही भरवू नका, तशाच रुग्णालयात जा. नळीवर नाकपुडीपाशी पेनाने खूण करून ठेवा. प्रत्येक वेळी भरवण्याआधी ती खूण जागेवर आहे ना ते बघा. बाहेर सरकली असेल तर भरवू नका, फोन करा.

प्रमाण आहारतज्ज्ञ ठरवतील. ढोबळ हिशेब असा, की वजनाच्या किलोमागे दिवसाला ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला १८०० ते २१०० कॅलरी. साधारण २५० मिली एका वेळी, दिवसातून सहा-सात वेळा, आणि वरून पाणी. सिरिंजचा दट्ट्या काढून नळीला जोडा, हात त्यांच्या नाकापेक्षा थोडा वर धरा आणि आपोआप उतरू द्या. १५-२० मिनिटं लागतात. दट्ट्याने रेटलं तर मळमळ, उलटी, आणि उलटीचा ताण थेट टाक्यांवर. म्हणूनच भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. आधी ३० मिली पाणी, नंतर ३० मिली पाणी. सगळं बारीक जाळीतून गाळलेलं हवं. एक साल, एक बी नळी बंद करायला पुरते. गोळ्या एकेक वेगळी कुटून, पाण्यात विरघळवून. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांचा दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. अशा गोळीला पर्याय डॉक्टरांना विचारा.

तोंडाने कधी? शेक न घेतलेल्यांना साधारण आठवड्याने, शेक घेतलेल्यांना बहुधा दोन आठवड्यांनी, तेही रंगद्रव्य पाजून काढलेल्या एक्सरेत शिवण गळत नाही हे दिसल्यावर. तोवर थुंकीही गिळू नका असं कुणी म्हटलं असेल तर ते तंतोतंत पाळा. ‘घोटभर पाण्याने काय होतंय’ म्हणणारे पाहुणे घरोघरी असतात, त्यांना तुम्हीच आवरायचं.

प्रश्न : घरी आल्यापासून कफ घट्ट झालाय, छिद्राभोवती खपल्या धरतात. सक्शन मशीन घेतलंय पण हात थरथरतो. काय करू?

उत्तर : हात थरथरतो, कारण रुग्णालयात तुम्ही फक्त पाहिलंय. घरी सोडायच्या आधी नर्सच्या देखत निदान पाच-सहा वेळा स्वतः करायला मागायला हवं होतं. अजूनही ड्रेसिंगला जाल तेव्हा मागा, नाही म्हणणार नाहीत.

कफ घट्ट का होतो ते समजलं तर निम्मी चिंता जाते. नाक हवेला गरम करतं, ओलं करतं, गाळतं. आता हवा कोरडीच्या कोरडी फुप्फुसात जाते. फुप्फुसं त्यावर उपाय म्हणून जास्त कफ तयार करतात आणि कोरड्या हवेने तो चिकटतो. म्हणजे मूळ उपाय ओलावा हा आहे, मशीन नव्हे. जितका ओलावा नेमाने, तितकं सक्शन कमी.

छिद्रावर बसणारा एचएमई नावाचा छोटा फिल्टर मिळतो. बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ तो धरून ठेवतो आणि आत येणाऱ्या हवेला देतो. दिवसरात्र लावायचा, २४ तासांत बदलायचा, धुवायचा नाही; धुतला की त्यातलं क्षार निघून जातं आणि तो निव्वळ स्पंज उरतो. लावल्यावर पहिले काही दिवस कफ वाढल्यासारखा वाटतो आणि लोक वैतागून काढून ठेवतात. खरं तर तो पातळ झालेला असतो. फरक पडायला काही आठवडे लागतात. फिल्टर नसेल तर छिद्रावर सुती कापडाचा ओलसर पडदा, खोलीत वाफेचं यंत्र, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनचं नेब्युलायझेशन.

आता रोजची स्वच्छता, सकाळ-संध्याकाळ. उजेड चांगला हवा. डोक्याला लावायचा दिवा असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. हात धुवा. त्यांना ताठ बसवा. छिद्रात नळी असेल तर ती काढून कोमट पाण्यात मऊ ब्रशने आतून धुवा, पूर्ण झटकून कोरडी करा. छिद्राच्या कडेची खपली दिसली की लगेच ओढू नका. निर्जंतुक सलाइनने भिजवलेला गॉझ दोन-तीन मिनिटं कडेला धरा, खपली पांढुरकी आणि फुगीर होते, मग बोथट टोकाच्या चिमट्याने कडेकडून उचला. ओढताना कातडी ताणली जात असेल तर पुन्हा भिजवा. टिश्यू पेपर आणि कापसाचे बोळे तिथे फिरकूही देऊ नका. धागा किंवा तुकडा श्वासाबरोबर आत खेचला जातो.

आतला कफ घट्ट असेल तर ते श्वास आत घेत असताना छिद्रात २-३ मिली निर्जंतुक सलाइन टाका. जोरात खोकला येईल, चेहरा लाल होईल, आणि बहुतेक वेळा कफ उडून बाहेर येईल. तुम्ही समोर उभं राहू नका, बाजूला राहा. एवढ्याने भागलं तर सक्शन नको. नाही भागलं तर मशीनचा काटा ८० ते १२० मिलिमीटरच्या दरम्यान लावा. सक्शनच्या नळीवरचं भोक उघडं ठेवून, म्हणजे ओढ बंद असताना, ती नळी नर्सने दाखवलेल्या खुणेपर्यंत आत न्या. आता बोटाने नळीवरचं ते भोक झाका आणि नळी बोटांमध्ये फिरवत बाहेर काढा. आत जाताना ओढ नाही, बाहेर येताना ओढ. सगळं मिळून दहा सेकंद. स्वतःचा श्वास रोखून धरा, म्हणजे वेळ कळतो. दुसऱ्यांदा करण्याआधी त्यांना चार-पाच श्वास घेऊ द्या. उगाच तासातासाला सक्शन केलं तर अस्तर सोलवटतं, रक्ताची रेघ येते, आणि रक्त सुकून नवी खपली.

आणि तो प्रसंग, ज्यासाठी तयारी हवी. श्वास अचानक कोंडला, छाती उसळते, ओठ काळे-निळे दिसतात. क्रम पाठ करा : फिल्टर काढा. खोकायला सांगा. सलाइन टाका. तरीही मोकळं नाही? छिद्रातली नळी पूर्ण काढून टाका. घाबरू नका, जखम भरून आलेला स्टोमा नळीविना उघडा राहतो, आणि पुष्कळदा गुठळी त्या नळीतच अडकलेली असते. मग सक्शन. आराम नसेल तर रुग्णवाहिका, आणि फोनवर पहिलं वाक्य ‘हे मानेतून श्वास घेतात’. ऑक्सिजन किंवा तोंडाने श्वास द्यायची वेळ आली तर तोही मानेवर.

प्रश्न : नवव्या दिवशी मानेची कातडी लाल झाली आणि टाक्यांतून चिकट पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले फिस्टुला आहे, सहा आठवडेही लागतील. आम्ही काही चुकवलं का? परत ऑपरेशन लागेल का?

उत्तर : ते चिकट पाणी म्हणजे लाळ. घशाच्या शिवणीत फट पडली की लाळ कातडीपर्यंत वाट काढते. आधी शेक घेतलेल्यांत साधारण चारांपैकी एकाला हे होतं, तेही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. तुमच्या हातून काही घडलेलं नाही. बहुतेक फिस्टुला तोंडाने खाणं बंद ठेवून, नळीने भरपूर पोषण देऊन आणि नेमाने ड्रेसिंग करून आपोआप भरतात. मोठी फट असेल किंवा आठवडे उलटूनही भरत नसेल तरच दुसरीकडचा स्नायू आणून बुजवतात. या काळात वजनावर डोळा ठेवा. प्रथिनं कमी पडली तर जखम जागची हलत नाही. थायरॉइडही पुन्हा तपासून घ्या.

ड्रेसिंग पांढऱ्या कापडाचं ठेवा, म्हणजे रंग दिसतो. लाळेचा प्रवाह छिद्राकडे जात असेल तर लगेच सांगा, कारण ती फुप्फुसात उतरते.

यात एक गोष्ट मात्र मोजूनमापून घ्यायची नाही. फिस्टुलातून किंवा तोंडातून ताजं लालभडक रक्त आलं, चमचाभर असलं आणि आपसूक थांबलं, तरी त्याच क्षणी निघायचं. मानेतली मोठी धमनी लाळेने आणि शेकाने कमकुवत झाली की मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा देऊ शकते. रक्त चालूच असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून तळहाताने घट्ट दाबून धरा, सोडून बघू नका, आणि रक्त छिद्रात जाणार नाही असं त्यांना कुशीवर ठेवा. कफातल्या पुसट रेघा वेगळ्या, त्या कोरडेपणाच्या असतात.

प्रश्न : माझ्या पत्नीला बोलण्याची झडप बसवून पाच महिने झाले. छान बोलत होती. आता पाणी पिताना ठसका लागतो. झडप बदलायची का? आणि ती नको असेल तर दुसरं काही आहे का?

उत्तर : झडप श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत बसते. अंगठ्याने छिद्र झाकलं की फुप्फुसातली हवा तिच्यातून घशात जाते आणि घशाचं अस्तर थरथरून आवाज होतो. हवा जाते, पाणी येत नाही, असा एकाच दिशेचा पडदा. तो खराब झाला की पाणी उलट श्वासनलिकेत.

गळती कुठून आहे ते घरीच बघता येतं. पाण्यात खाण्याचा रंग घाला, त्यांना आरशासमोर उजेडात बसवा, घोट घेताना टॉर्चने छिद्रात पाहा. रंगीत थेंब झडपेच्या मध्यातून फुटतोय की कडेने झिरपतोय? मध्यातून असेल तर आधी झडपेच्या ब्रशने आतून फिरवून साफ करा, अन्नाचा कण अडकलेला असू शकतो. तरी गळत असेल तर पडद्यावर बुरशी वाढलेली असते आणि झडप बदलावी लागते. बहुतेकांना काही महिन्यांनी बदलावी लागतेच, पाच महिने वाईट नाहीत. बदलायची तारीख मिळेपर्यंत पिताना लावायचं बूच मिळतं, ते वापरा, द्रव जरा दाट करून द्या. कडेने झिरपत असेल तर ब्रशचा उपयोग नाही. लांबी चुकलेली किंवा भोक सैल झालेलं असतं, ते थेरपिस्ट किंवा सर्जनच बघतील.

झडप निघून आली तर ती हातात आहे ना, हे आधी पाहा. सापडत नसेल तर ती फुप्फुसात गेली नाही ना, याचा एक्सरे त्याच दिवशी हवा. आणि भोक तासाभरापासून आकसायला लागतं, म्हणून अशा वेळी घालून ठेवायची रबरी नळी कशी घालायची ते आधीच शिकून ठेवा आणि ती नळी घरात ठेवा.

आवाज दबका येत असेल तर अंगठा फार जोरात दाबला जातोय का बघा. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. हलकेच, फक्त हवा निसटणार नाही एवढं.

दुसरे मार्ग दोन. विजेवर चालणारं यंत्र गालाला किंवा हनुवटीखाली लावायचं. शेकाने मान कडक झाली असेल तर गालावर बरं उमटतं. आवाज यांत्रिक, एकसुरी, पण पहिल्या दिवसापासून फोनवर बोलता येतं. झडपवाल्यांनीही एक घरात ठेवावं. दुसरा मार्ग हवा गिळून ढेकरेवर बोलण्याचा. उपकरण लागत नाही, पण महिनोन् महिने सराव लागतो आणि सगळ्यांना साधत नाही.

स्वरयंत्र कॅन्सरसाठी पूर्ण काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३मध्ये केली, आणि त्या रुग्णासाठीही लगेच कृत्रिम आवाजाचं साधन बनवलं गेलं. आवाजाची घाई तेव्हाही होती. आजच्या झडपा मात्र १९८०च्या आसपास आल्या.

प्रश्न : आंघोळ, वास, बद्धकोष्ठ, वजन उचलणं. एवढं थोडक्यात सांगा.

उत्तर : आंघोळीत पाणी छातीच्या खाली, छिद्रावर रबरी आडोसा, डोकं धुताना पुढे वाकून. पोहणं बंद. वास येत नाही, कारण नाकातून हवा जात नाही. ओठ मिटून जांभई दिल्यासारखा जबडा खाली-वर केला तर थोडी हवा नाकात ओढली जाते, थेरपिस्ट शिकवतात. तोवर घरात धूर आणि गॅस ओळखणारा अलार्म लावा, आणि शिळं अन्न तुम्ही हुंगा. कुंथायला आणि जड उचलायला आपण घसा मिटून श्वास कोंडतो, तो मिटणारा दरवाजाच आता नाही. म्हणून जोर लागत नाही. पोट साफ होण्याचं औषध दुखण्याच्या गोळ्यांबरोबरच सुरू करा, त्रास झाल्यावर नव्हे. मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा उतरतो. व्यायाम टाके भरताच सुरू केला नाही तर तो आखडतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम तपासा.

प्रश्न : चार महिने झाले. जखम बरी आहे, पण ते कुणाला भेटत नाहीत. माझ्यावर चिडतात, पाटी फेकतात. सगळ्यांशी मीच बोलते. मला रात्री झोप नाही, आणि परत उलटेल ही भीती आहे. कुणाला सांगू?

उत्तर : चिडलेल्या माणसाला ओरडता येत असतं, त्यांना येत नाही. पाटी फेकणं हे त्यांचं ओरडणं. हसण्यालाही आवाज नाही, रडण्यालाही नाही, त्यामुळे पाठमोऱ्या माणसाला त्यांचं काहीच कळत नाही. समोर बसून बोला, मागून नको. फेकाफेक सहन करायलाच हवी असं मात्र नाही. राग शांत झाल्यावर तेवढं स्पष्ट सांगा.

‘सगळ्यांशी मीच बोलते’ इथे जरा थांबा. सुरुवातीला गरज होती. चार महिन्यांनी तीच सवय त्यांना घरात गप्प बसवते. दुकानदार, शेजारी, डॉक्टर यांनी प्रश्न तुम्हाला विचारला की त्यांच्याकडे बघा आणि वाट पाहा. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी पाहा. डॉक्टरांच्या भेटीत पहिली पाच मिनिटं त्यांची, लिहून का असेना. उदासी सतत दोन आठवड्यांच्या वर टिकली, खाणं-झोप गेली, जगून काय करू असं लिहिलं, तर त्याला स्वभाव म्हणू नका, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. त्याआधी थायरॉइड, ती कमी झाली तरी माणूस असाच मिटतो, सुस्तावतो, आणि गोळीने सुधारतो. शेक आणि शस्त्रक्रिया दोन्ही झालेल्यांची टीएसएच दर सहा ते बारा महिन्यांनी व्हायलाच हवी.

जवळीक थांबली असेल तर तीही बोलायची गोष्ट आहे. श्वास मानेवरून येतो, खोकल्याची धास्ती असते, दोघंही एकमेकांची वाट बघतात. आधी स्वच्छता करून नवा फिल्टर आणि पातळ रुमाल लावला की बरंच सोपं होतं.

तुमची झोप. रात्रीचं जागरण आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कुणावर सोपवा, आणि त्या माणसाला सक्शन शिकवा. एकट्या तुम्हालाच येतं ही तुमची शाबासकी नाही, ती घरातली उणीव आहे. त्यांच्या उशाशी घंटी ठेवा. हाक येणार नाही म्हणून तुम्ही जाग्या राहता. घंटी असेल तर डोळा लागेल.

भीतीबद्दल. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा तपासणी असते. मधल्या काळात मानेत नवी गाठ, छिद्राच्या कडेला न भरणारी जखम, गिळताना नव्याने अडकणं, एका बाजूच्या कानात दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काहीही दोन आठवडे टिकलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. बाकी खोकला, खपली, ताणलेली मान हे रोजचं आहे. एका वहीत तारीख, वजन, काय खाल्लं, काय वेगळं दिसलं एवढं लिहीत जा आणि वही प्रत्येक भेटीला न्या. वजनाचा आकडा त्यांनाच लिहू द्या.